दशमांश, जामीन आणि आंब्याची पट्टी

ख्रिस्ती माणसाने पैशाचा व्यवहार कसा करावा, यावर मराठी मंडळ्यांमध्ये आज जे शिकवले जाते त्याचा मोठा भाग अमेरिकेतून आलेला आहे. लॅरी बर्केट यांनी १९७६ मध्ये त्यासाठी संस्थाच काढली. पुढे डेव्ह रॅम्झी यांनी रेडिओवरून आणि पुस्तकांतून तशाच धाटणीचा सल्ला घरोघरी नेला. महिन्याचे अंदाजपत्रक लिहून काढा, क्रेडिट कार्ड कापून टाका, सगळ्यांत लहान कर्ज आधी फेडा, तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, दहावा हिस्सा देवाला द्या. यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. पगारदाराने तर हे सगळे डोळे मिटून करावे. अडचण एवढीच, की सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठरल्या तारखेला खात्यात पैसे जमा होणारे घर आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातली निम्मीशिम्मी घरे तशी नाहीत. आंब्याच्या कलमांचा पैसा मार्च ते मे या तीन महिन्यांत यायचा तो येतो, काजूचा त्याच्या आगेमागे. मिरकरवाड्याच्या नि हर्णैच्या नौका १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या असतात. बाकी घर चालते ते मुंबईच्या चाकरमान्यावर किंवा आखातात गेलेल्या मुलावर. ख्रिस्ती घरांचे याहून वेगळे काही नाही. ती आहेतही थोडीच: २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोक सुमारे एक टक्का भरले, रत्नागिरीत तर ते त्याहून तुरळक. तरी इतिहास जुना आहे. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला आले, नंतर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रत्नागिरीत ठाणे केले. कॅथोलिकांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग नि कोल्हापूर हे तीन जिल्हे येतात.

या घरांना अमेरिकन पुस्तकांपेक्षा खुद्द बायबलच जास्त उपयोगी पडेल, असे माझे मत आहे. ते ज्या लोकांत लिहिले गेले ते पावसावर, पिकावर आणि जाळ्यावर जगत होते. उसनवारी, गहाण, जामीन, मजुरीची थकबाकी, पडलेले वर्ष हे त्यांचे रोजचे विषय होते.

पण त्याआधी रेव्हरंड टिळकांच्या घरात डोकवायला हवे. विश्वास आणि हिशोब यांची ओढाताण मराठीत इतकी उघडीवाघडी दुसरीकडे कुठे नोंदलेली नाही, आणि गृहस्थ रत्नागिरी जिल्ह्यातले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये करजगावी जन्मले, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्यांच्यामागून आल्या. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालेली लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी आणि भाषेसाठी वाचतो. मी ती हल्ली घरखर्चाची वही म्हणून वाचली. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये, हा त्यांचा धर्म होता. आणि घरात उद्या काय शिजवायचे, हा लक्ष्मीबाईंचा प्रश्न होता. त्यात घरी सांभाळायला आणलेली पोरकी मुलेही असत. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडून संन्यास घेतला, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला आणि दोन वर्षांत ते गेले.

व्यासपीठावरून ही कथा सांगताना टिळकांची निरिच्छता सांगतात आणि लक्ष्मीबाई हसण्यापुरत्या येतात. मला हे पटत नाही. टिळकांचे औदार्य खरे होते, तेवढेच हेही खरे, की त्याचा भार दुसऱ्या कुणीतरी उचलला. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू नेमके यावरच बोट ठेवतो. आईबापांच्या वाट्याचे होते ते देवाला वाहिले, असे सांगून हात झटकणाऱ्यांना तो चांगलेच फैलावर घेतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्याहूनही खालच्या पायरीवर बसवतो. तेव्हा घर मोडून केलेल्या दानाला शास्त्राचा आधार शोधू नये.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा त्यांच्यावर प्रभाव होता. कुणाकडे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवणारा हा माणूस. रमाबाईही पुढे त्याच वाटेने गेल्या. मात्र बॉस्टनच्या मंडळाने त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेला दिलेली दहा वर्षांची हमी संपायच्या आधीच त्यांनी केडगावला जमीन घेतली होती, ती फळबाग लावून त्या उत्पन्नावर संस्था उभी राहावी म्हणून. प्रार्थना करणारी बाई झाडे कधी फळाला येतील याचा हिशोबही करत होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मुली येऊ लागल्या तेव्हा ही जमीनच कामी आली.

आता कर्जाकडे. नीतिसूत्रांत कर्जदाराला सावकाराचा चाकर म्हटले आहे, हे सगळ्यांना पाठ असते. मोशेच्या नियमशास्त्रातले बारकावे मात्र कुणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथे आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करायचे, कारण रात्री तो दुसरे काय पांघरणार? जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घ्यायची नाही, कारण त्यावर घराचे पोट चालते. गहाण वस्तू आणायला धनकोने ऋणकोच्या घरात शिरायचे नाही, बाहेर उभे राहायचे. कर्ज होणारच हे धरून चालून, कर्जात माणसाची पत आणि कमाईचे साधन कसे वाचवायचे याचा हा विचार आहे. आपल्याकडे त्याचा सरळ अर्थ असा, की बायकोच्या बांगड्या तारण ठेवणे एक वेळ परवडले, पण होडीचे इंजिन, शिलाईयंत्र किंवा रिक्षा गहाण टाकू नये. आणि मंडळीतला कुणी उसने मागायला आला तर त्याची रविवारी सगळ्यांसमोर आठवण काढू नये.

कोकणातले सगळ्यांत मोठे कर्ज कर्ज म्हणून ओळखलेच जात नाही. त्याचे नाव उचल. भर पावसातच बागायतदाराचा खर्च सुरू होतो. मोहोरासाठी कल्टार, खत, मग मोहोर आला की तुडतुड्यासाठी फवारण्यांवर फवारण्या, राखणदार, झेल्याने काढणारे गडी, खोकी, पेंढा, वाशीपर्यंतचे भाडे. हातात पैसा नसतो, म्हणून वाशीचा दलाल आगाऊ रक्कम देतो. व्याजाचा शब्द बहुधा निघत नाही. फक्त माल त्याच्याकडे जायचा, दुसऱ्याकडे नाही. मग एप्रिल-मेमध्ये पट्टी येते. पेट्या किती, भाव काय, त्यातून भाडे गेले, हमाली गेली, उचल वळती झाली आणि खाली एक आकडा उरतो. त्या आकड्याकडे बघून माणूस ठरवतो की यंदा मुलीचे लग्न करायचे की पुढे ढकलायचे. व्याज कुठेच लिहिलेले नसते, पण बाजारात पाऊणशे रुपयांनी जास्त देणारे गिऱ्हाईक असूनही पेटी त्याला देता येत नाही, हे व्याजच आहे. सगळे दलाल लुबाडतात असे नव्हे, कित्येकांनी पडल्या वर्षी बागायतदाराला तारलेही आहे. पण नीतिसूत्रांना जी चाकरी म्हणायची आहे ती हीच.

या पट्टीवर दशमांश कसा काढायचा? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मंडळीत यावर खरोखर वाद होतात. समजा एखाद्या बागेचा माल ५ लाखांना गेला आणि फवारणीपासून भाड्यापर्यंत खर्च २ लाख ४० हजार झाला. विक्रीच्या रकमेवर दहावा हिस्सा काढला तर ५० हजार होतात. हातात राहिलेल्या २ लाख ६० हजारांवर काढला तर २६ हजार. पहिल्या हिशोबाने त्या माणसाने आपल्या खऱ्या कमाईचा दशमांश दिलेला नसतो, जवळजवळ पाचवा हिस्सा दिलेला असतो. पगारदाराला हा फरक कळत नाही, कारण त्याला फवारणीचा खर्च नसतो. व्यापारी आणि बागायतदार यांना निव्वळ उत्पन्नावर दशमांश काढायला सांगावे, हे माझे स्पष्ट मत.

दुसरे म्हणजे दशमांश हा नव्या करारात सर्वांवर लादलेला कर नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, आपल्याजवळ आहे त्या मानाने, कुरकुर न करता द्यावे एवढेच म्हटले. कॅथोलिक शिकवणुकीतही चर्चच्या गरजांना आपापल्या कुवतीप्रमाणे हातभार लावण्याचे कर्तव्य सांगितले आहे, टक्केवारी सांगितलेली नाही. आणि ज्या जुन्या करारातून दहाचा आकडा येतो, त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचे चौदावे प्रकरण वाचले तर गंमत वाटते. त्या दशमांशातून घरादाराने देवासमोर बसून जेवायचे होते, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा होता. आपल्याकडे मलाखीचा तिसरा अध्याय दरवर्षी ऐकू येतो, हे प्रकरण क्वचितच. हंगामाच्या सणाला वेदीपुढे नारळ, भोपळे, तांदूळ मांडून नंतर त्यांचा लिलाव होतो, त्यात या जुन्या चालीचा थोडा वास उरला आहे. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० पासून वेगळीच रीत पाडली. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे, ते साठवून चर्चला द्यायचे. पगार नसलेल्या बाईलाही देणारी होता येते, हे त्यातले शहाणपण.

वरच्या बागेचा हिशोब पुढे नेऊ. २ लाख ६० हजारांतून २६ हजार दान गेले. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारात घातला होता, तसा पाचवा हिस्सा म्हणजे ५२ हजार वेगळे ठेवले. उरले १ लाख ८२ हजार, म्हणजे महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास. हे थोडे आहेत, मान्य. पण घराने स्वतःला हा पंधरा हजारांचा पगार सुरू केला आणि मे महिन्यात आलेली रक्कम एकदम घरखर्चात मिसळू दिली नाही, तर ते ५२ हजार पाच वर्षांत २ लाख ६० हजार होतात. एका हंगामाचा खर्च त्यातून सुटतो आणि उचल घ्यावी लागत नाही. पाच वर्षे सलग चांगली जात नाहीत हे कोकणात कुणाला सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले, त्याच जुलैत चिपळूण बुडाले. म्हणूनच हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हप्ता भरणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे कुणी म्हणू लागला तर त्याला योसेफाची गोष्ट वाचायला द्यावी.

जामिनाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण इथे ख्रिस्ती माणूस हमखास फसतो. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. मंडळीत एखादा शिक्षक किंवा परिचारिका असते, पगारातून कपात करणे सोपे, म्हणून सगळे त्यांच्याकडेच वळतात. भावाला नाही म्हणायचे कसे? नीतिसूत्रे यावर कमालीची कठोर आहेत. सहाव्या अध्यायात तर जामीन राहिलेल्याला झोपसुद्धा घेऊ नकोस, आधी जाऊन स्वतःला सोडवून घे, असा सल्ला आहे. कायदाही तितकाच कठोर आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. धनकोने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि मग जामीनदाराकडे यावे, असे बंधन नाही. सहीला पाच मिनिटे लागतात आणि कपात पाच वर्षे चालते. माझ्या ऐकण्यातला शहाणा मार्ग एकच आहे. जेवढी रक्कम बुडाली तरी घर हलणार नाही तेवढी सरळ उसनी द्यावी, किंवा देऊनच टाकावी, आणि सही करू नये. नाते त्यानेही दुखावते, पण कमी.

ठेवींबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवावी. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. अर्ध्या-एक टक्क्याच्या जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम एकाच पतसंस्थेत ठेवणारे लोक आपल्या ओळखीत असतात. बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकात विभागून पेरायला सांगितले आहे, कारण कोणते पीक येईल ते कुणाला ठाऊक नसते.

व्याज घेणेच मुळात पाप आहे का, हा प्रश्न ख्रिस्ती जगात हजार-दीड हजार वर्षे गाजला. ३२५ सालच्या निकैया परिषदेने पाळकवर्गाला व्याज घेण्यास मनाई केली, मध्ययुगात ती सर्वांवर आली. धर्मसुधारक कॅल्विनने सोळाव्या शतकात गरिबाला पिळणारे व्याज आणि धंद्याच्या भांडवलावरचे माफक व्याज यांत फरक केला, आणि हळूहळू सगळीकडे तोच मान्य झाला. मला यातला वाद कमी आणि वादातून निघालेल्या संस्था जास्त महत्त्वाच्या वाटतात. पेरुज्या गावात फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने १४६२ मध्ये गरिबांसाठी अल्प व्याजाची तारणपेढी निघाली. जर्मनीत रायफायझन नावाच्या धार्मिक वृत्तीच्या नगराध्यक्षाने १८६४ मध्ये हेडेस्डॉर्फला शेतकऱ्यांची पतपेढी उभारली, आणि आपला १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा मुख्यतः त्याच नमुन्यावर बेतलेला होता. महाराष्ट्रातली सगळ्यांत चांगली ख्रिस्ती आर्थिक शिकवण कुणी दिली असेल तर ती वसईत. तिथे मोन्सिन्योर मोनिस यांनी १९१८ मध्ये सावकारीत अडकलेल्या बागायतदारांसाठी पतपेढी सुरू केली. तीच आजची बॅसिन कॅथोलिक सहकारी बँक. शंभर वर्षांत त्या बँकेने वसईच्या ख्रिस्ती माणसाला जेवढी काटकसर शिकवली, तेवढी शेकडो प्रवचनांनी शिकवली नसती. कोकणच्या विखुरलेल्या मंडळ्यांना बँक काढणे झेपणार नाही, पण बायकांचे बचत गट आणि ओळखीतली भिशी यांचा हिशोब चोख ठेवायला पाळकाने शिकवले तर तेही पुरे.

याच्या उलट टोकाला आहे समृद्धीची सुवार्ता. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांनी गेल्या शतकात ‘विश्वासाचे बीज’ ही कल्पना लोकप्रिय केली. देवाच्या कामाला पैसा द्या, तो अनेक पटींनी परत येईल. आता ती मोबाइलवरून कुठल्याही वाडीत पोचते, सोबत क्यूआर कोडही येतो. सुवार्तावादी मंडळ्यांच्या लोझान चळवळीने २०१० च्या केपटाउन परिषदेत या शिकवणुकीचा उघड निषेध केला. विधवेच्या दोन दमड्यांचा दाखला इथे सर्रास दिला जातो. मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी आधीच्या ओळींत येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तुटून पडलेला आहे, ते मात्र वगळतात. परतफेडीची खात्री देऊन मागितलेल्या पैशाला दान कसे म्हणावे? ती गुंतवणूक झाली, आणि तिला ना विमा ना पावती. देणगीची पावती, ट्रस्टची नोंदणी आणि वार्षिक हिशोब मागणे यात अविश्वास काही नाही. करिंथच्या मंडळीची वर्गणी नेताना पौलाने कुणी बोट दाखवू नये म्हणून सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली होती.

वारसाहक्काबद्दल मात्र व्यासपीठावरून कधी शब्द ऐकू येत नाही, आणि नुकसान तिथेच जास्त होते. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर एक तृतीयांश विधवेला आणि दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान. इथवर ठीक. पण मुले असतील तर मयताच्या आईला काहीच मिळत नाही. हिंदू कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, इथे नाही. मुंबईत नोकरी करणारा मुलगा गावी आईला दरमहा पैसे पाठवत असतो आणि मृत्युपत्र न करता जातो, तेव्हा त्या म्हातारीचा कायदेशीर आधार एका दिवसात संपतो. बँकेतल्या खात्यावर तिचे नाव नॉमिनी म्हणून असले तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

मृत्युपत्र करतानाही दोन खाचखळगे आहेत. साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला काही द्यायचे आहे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेला वाटा रद्द होतो. घरातल्या घरात कागद उरकताना जावई साक्षीला बसतो आणि मुलीचा वाटा जातो. दुसरे म्हणजे लग्नाने आधीचे मृत्युपत्र रद्द ठरते. अविवाहित असताना आईच्या नावे केलेला कागद लग्नाच्या दिवशी निकामी होतो, तो पुन्हा करावा लागतो. चर्चला किंवा धर्मादायाला काही ठेवायचे असेल तर पूर्वी ११८ वे कलम आडवे यायचे. पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचे नातलग असतील, तर मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेल्या मृत्युपत्रानेच तसे देता येई. सर्वोच्च न्यायालयाने जॉन वल्लमट्टम खटल्यात २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून ख्रिस्ती माणूस इतरांप्रमाणेच आपल्या मालमत्तेतून हवे ते हव्या त्या धर्मादायाला ठेवू शकतो, मात्र त्या कागदात आईचे नाव आधी घालावे.